वेस्टर्न सिनेमात बंदूक दिसते, जमिनीचा कागद दिसत नाही

एक दृश्य वेस्टर्न न पाहणाऱ्यालाही पाठ असतं. उघड्या माळावरून पांढऱ्या कापडी छपराच्या गाड्यांची रांग चालली आहे. टेकाडाच्या कडेला डोक्यात पिसं खोवलेले घोडेस्वार उगवतात. कुणीतरी ओरडतो, गाड्यांचं रिंगण होतं, बायकामुलं मधे, पुरुष चाकांआड. मग ते घोडेस्वार रिंगणाला प्रदक्षिणा घालू लागतात आणि एकेक करून गोळी खाऊन पडतात. बंदुकीच्या टप्प्यात येऊन गोल गोल फिरायचं त्यांना काय अडलंय, हे सिनेमा सांगत नाही.

अमेरिका पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेकडे पसरत गेली, त्या शंभरेक वर्षांचं पडद्यावर, म्हणजे वेस्टर्न सिनेमात, काय झालं हे समजून घ्यायला हे एक दृश्य पुरेसं आहे. आधी खरी गाडी पाहू.

गाडीत काय होतं

मिसूरी राज्यातल्या इंडिपेंडन्ससारख्या गावातून ऑरेगनपर्यंतची वाट सुमारे २,००० मैलांची, म्हणजे ३,२०० किलोमीटरची. १८४० ते १८६० या काळात ऑरेगन, कॅलिफोर्निया आणि युटाकडे मिळून तीन लाखांच्या आसपास माणसं या वाटांनी गेली. गाडीची साटी साधारण १० फूट लांब आणि ४ फूट रुंद. माल हजार किलोच्या वर गेला की चढाला बैल बसत. त्यात मोठ्या माणसामागे ९० किलोच्या आसपास पीठ, खारवलेलं मांस, कॉफी, साखर, अवजारं, बियाणं. माणसांना बसायला जागाच उरत नसे, त्यामुळे धडधाकट माणूस सगळी वाट चालत जाई. सिनेमात गाडीला जुंपलेले घोडे दिसतात, प्रत्यक्षात बहुतेक गाड्या बैलांच्या होत्या. बैल स्वस्त, वाटेवरच्या गवतावर जगणारा, आणि चोराला त्याचा फारसा मोह नाही. वेग दिवसाला १५ मैल, प्रवास चार ते सहा महिने.

निघायची वेळ चुकली की सगळंच चुके. एप्रिलच्या सुरुवातीला निघालं तर माळावर गवत उगवलेलं नसे आणि जनावरं उपाशी पडत. मे संपवून निघालं तर शेवटच्या डोंगरात बर्फ गाठे. १८४६ साली डॉनर कुटुंबाच्या तांड्याने 'जवळची वाट' म्हणून नवी वाट धरली, आठवडे गमावले आणि सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकला. ८७ माणसांपैकी जवळपास निम्मी मेली.

मग हल्ल्यांचं काय? जॉन अनरू या इतिहासकाराने या वीस वर्षांचा हिशेब मांडला आहे. मूळ रहिवाशांच्या हातून मेलेले वाटसरू ३६२. वाटसरूंच्या हातून मेलेले मूळ रहिवासी ४२६. बाकी मरण आलं ते मुख्यतः आजारांनी, त्यातही पटकीने. मुक्कामाच्या जागा ठरलेल्या, पाणवठे तेच. आजच्या तांड्याने जिथे शौच केलं तिथलं पाणी उद्याचा तांडा प्यायचा. सकाळी पोटात कळ आलेला माणूस संध्याकाळी पुरला जाई. त्याखालोखाल नदी ओलांडताना बुडणं, चाकाखाली पोर येणं, आणि गाडीतून बंदूक ओढताना ती स्वतःच्याच पोटात उडणं. मूळ रहिवाशांशी वाटसरूंचा जास्त संबंध आला तो व्यवहाराचा. कुणी नदीपार करून देई, कुणी वाट दाखवी, कुणी मासे आणि घोडे विकी, कुणी आपल्या हद्दीतून जाण्याबद्दल पैसे मागे.

रिंगण मात्र खरंच करत. एका गाडीची दांडी पुढच्या गाडीखाली सरकवून साखळीने बांधत, आणि आत गुरं कोंडत. रात्री बैल भरकटले तर सकाळी माळावर शोधायचे कुठे? थोडक्यात, तो गोठा होता.

पडद्यावर त्याचा किल्ला झाला, कारण कॅमेरा आत ठेवला. प्रेक्षक चाकांआड बसला की बाहेरून येणारा प्रत्येक माणूस हल्लेखोर ठरतो. तो आपल्याच गावच्या हद्दीत उभा आहे आणि परका आतला आहे, हे त्या जागेवरून दिसूच शकत नाही. वेस्टर्न पाहताना पहिल्यांदा तपासायची गोष्ट हीच: कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे? २०१० साली आलेला केली रायकार्डचा 'मीक्स कटऑफ' त्यासाठी मुद्दाम पाहावा. १८४५ च्या एका चुकलेल्या तांड्यावर तो आहे. चौकट जुन्या टीव्हीसारखी जवळपास चौकोनी, त्यामुळे दोन्ही बाजूंचा माळ कापला जातो. पुरुषांची खलबतं बायकांच्या अंतरावरून अर्धवट ऐकू येतात. पाणी मोजून प्यायचं, चाक खिळखिळं होतं, आणि उद्या कुठे जायचं ते कुणालाच माहीत नाही. बंदुकांच्या धडाक्याची सवय असलेल्याला तो कंटाळवाणा वाटेल. ती वाट तशीच होती.

जमीन कशी गेली

वेस्टर्नची सगळी भांडणं शेवटी जमिनीची असतात. पण जमिनीचा कागद पडद्यावर क्वचितच येतो, आणि हा या सिनेमाचा सगळ्यात मोठा गाळलेला भाग आहे. सातबाऱ्यावरचं एक नाव बदललं की काय होतं हे ज्या घरांनी भोगलंय, त्यांना हा भाग अमेरिकी प्रेक्षकापेक्षा लवकर कळेल.

कागदांचा क्रम साधारण असा. १७८५ च्या कायद्याने मोजणीची पद्धत ठरली: ६ मैल बाय ६ मैलांची टाऊनशिप, तिचे ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकरांचा, त्याचा चतकोर १६० एकर. विमानातून दिसणारी अमेरिकेची चौकटीची शेतं ही त्याच फूटपट्टीची. १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा मुलूख दीड कोटी डॉलरना घेतला. तिथे राहणाऱ्या जमातींना या सौद्यात कुणी विचारलं नाही. १८३० च्या कायद्याने मिसिसिपीच्या पूर्वेकडच्या जमातींना पश्चिमेला हलवायची सोय केली. १८४८ च्या तहाने मेक्सिकोकडून कॅलिफोर्नियासह मोठा प्रदेश आला. आणि १८६२ चा, कसणाऱ्याला सरकारी जमीन देणारा होमस्टेड कायदा, ज्याच्यावर वेस्टर्नमधली लाकडी घरं उभी आहेत.

होमस्टेड मिळवायच्या पायऱ्या सोप्या दिसतात. वय २१ किंवा कुटुंबप्रमुख असणं, नागरिक असणं किंवा तसा इरादा नोंदवणं, देशाविरुद्ध शस्त्र न उचललेलं असणं. लँड ऑफिसात १६० एकरांचा अर्ज, सगळी मिळून फी १८ डॉलर. मग त्या जागी राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. पाच वर्षांनी दोन साक्षीदार नेऊन हे सगळं केल्याचं शपथेवर सांगायचं, की मालकीचा दाखला. घाई असेल तर सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर भरूनही दाखला मिळे. पळवाट तिथेच होती. मोठे गुरंवाले आपल्या गुराख्यांच्या नावाने नेमक्या पाणवठ्यांवर अर्ज टाकत. पाणी हातात आलं की भोवतालचा हजारो एकर माळ दुसऱ्या कुणाच्या कामाचा राहत नसे. या कायद्याखाली एकूण सुमारे १६ लाख दाखले दिले गेले.

मोठी चूक मात्र १६० या आकड्यातच होती. पूर्वेकडच्या ओल्या मुलखात तेवढ्या जमिनीवर कुटुंब मजेत जगे. १०० व्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या खाली येतो, साधारण आपल्या माणदेशासारखा. तिथे १६० एकर कोरडवाहू म्हणजे उपासमार. जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञाने १८७८ च्या अहवालात सांगितलं होतं की ओलिताची जमीन असेल तर ८० एकर पुरे, आणि नुसतं कुरण असेल तर २,५६० एकर लागतील. संसदेने ते मनावर घेतलं नाही. मग एकाच कुरणावर गुरंवाला आणि कुंपणवाला शेतकरी दोघेही हक्क सांगू लागले. १८७४ साली जोसेफ ग्लिडनला काटेरी तारेचं पेटंट मिळालं आणि भांडणाला हत्यार मिळालं.

१९५३ चा 'शेन' याच भांडणावर उभा आहे. त्यात गुरंवाला रायकर म्हणतो, हा मुलूख आम्ही राहण्याजोगा केला. शेतकरी स्टॅरेट उत्तर देतो, तुमच्याही आधी इथे फासेपारधी आणि इंडियनांशी व्यापार करणारे होते. दोघंही तावातावाने बोलतात, दोघांचंही म्हणणं पटतं. पण 'आधी कोण होतं' या यादीत व्यापारी येतो आणि ज्यांच्याशी तो व्यापार करत होता ते येत नाहीत. एका वाक्यात अख्खा प्रश्न निसटलेला आहे. 'शेन' उत्तम सिनेमा आहे, म्हणूनच हे निसटणं लक्षात येत नाही.

खऱ्या वायोमिंगमध्ये हे भांडण १८९२ च्या एप्रिलमध्ये पेटलं. गुरंवाल्यांच्या संघटनेने टेक्सासहून भाडोत्री बंदूकवाले आणले, मारायच्या माणसांची यादी केली, आणि पन्नासेक जणांनी जॉन्सन काउंटीवर चाल केली. दोघांना मारलं. मग शेरीफ आणि चिडलेल्या गावकऱ्यांनी उलट त्यांनाच एका रँचवर वेढलं. त्यांना सोडवायला राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने घोडदळ आलं. पडद्यावर घोडदळ नेहमी दुबळ्यांच्या मदतीला धावतं. इथे ते भाडोत्री मारेकऱ्यांना वाचवायला धावलं. शिक्षा कुणालाच झाली नाही.

दुपारी बाराची शर्यत

कागद आणि घोडा एकाच चौकटीत आले तो दिवस २२ एप्रिल १८८९. आजच्या ओक्लाहोमाच्या मध्यभागी सुमारे २० लाख एकर जमीन खुली करायची होती. हद्दीवर पन्नासेक हजार माणसं घोडे, गाड्या, सायकली घेऊन उभी. ठोका बाराचा. बिगूल वाजला की धावायचं, १६० एकरांवर खुंट ठोकायचा, मग गथ्री किंवा किंगफिशरच्या लँड ऑफिसात जाऊन रांग लावायची. आधीच आत घुसून झुडपांत लपलेल्यांना 'सूनर' म्हणत. खुंट एकाचा आणि अर्ज दुसऱ्याचा असे खटले पुढे कित्येक वर्षं चालले.

'सिमरॉन' या १९३१ च्या चित्रपटात ही शर्यत आहे, आणि अजूनही ती पाहताना श्वास रोखला जातो. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्यानंतर एखाद्या वेस्टर्नला तो मान मिळायला १९९० चा 'डान्सेस विथ वुल्व्ज' यावा लागला. पण शर्यतीतली जमीन 'मोकळी' कशी झाली? ती क्रीक आणि सेमिनोल या जमातींची होती. यादवी युद्धानंतर, १८६६ मध्ये, त्यांच्याकडून तह करून ती काढून घेतली गेली, दुसऱ्या जमातींना वसवायचं सांगून. तसं पूर्ण वसवलं नाही, आणि उरलेल्या भागाला नाव पडलं 'न दिलेली जमीन'. हे दाखवायला वकील, दुभाषा आणि एक टेबल लागतं. शर्यतीला घोडे लागतात. दिग्दर्शक काय निवडणार ते उघड आहे.

१८८७ चा डॉझ कायदा तर पडद्याच्या वाटेलाच गेला नाही. जमातीची सामाईक जमीन मोडायची, कुटुंबप्रमुखाला १६० एकर वाटणी द्यायची, शिल्लक 'जादा' ठरवून विकायची. वाटणीची जमीन काही वर्षं सरकारच्या विश्वस्तीत, नंतर तिच्यावर कर, कर थकला की लिलाव. १८८७ मध्ये जमातींकडे १३.८ कोटी एकर होते, १९३४ मध्ये ४.८ कोटी उरले. एकही गोळी न झाडता.

पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या रेल्वेचंही तेच. १० मे १८६९ ला प्रॉमंटरी समिट इथे दोन्हीकडून आलेले रूळ जुळल्यावर सोन्याचा खिळा ठोकतानाचं दृश्य बऱ्याच चित्रपटांचा शेवट आहे. डोंगर फोडणारे हजारो चिनी मजूर त्या जल्लोषात कडेला असतात किंवा नसतातच. १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात यायलाच कायद्याने बंदी झाली. आणि हिशेबाची गंमत पाहा. रेल्वे कंपनीला सपाट भागात मैलाला १६,००० डॉलरचे सरकारी रोखे, डोंगरात ४८,०००. तेव्हा डोंगर कुठे सुरू होतो? कंपनीच्या सोयीने अहवाल आला की कॅलिफोर्नियातल्या सॅक्रॅमेंटोपासून सात मैलांवर. तिथे जमीन ताटासारखी सपाट आहे. लिंकनने अहवाल मान्य केला आणि सिएरा नेवाडा कागदावर बरीच पश्चिमेला सरकली.

सर्कस आधी, सिनेमा नंतर

आता सुरुवातीच्या प्रदक्षिणेकडे येऊ. तिचं मूळ लढाईपेक्षा तंबूच्या जास्त जवळ आहे. विल्यम कोडी, म्हणजे बफेलो बिल, हा सैन्याचा वाटाड्या आणि हिवाळ्यात नाटकातला नट. १७ जुलै १८७६ ला त्याने शायेन जमातीच्या एका योद्ध्याला मारलं तेव्हा कोडीच्या अंगावर रंगमंचाचा काळ्या मखमलीचा पोशाख होता. काही महिन्यांत तोच प्रसंग तो रंगमंचावर करू लागला. १८८३ पासून त्याचा 'वाइल्ड वेस्ट' हा मैदानी खेळ सुरू झाला: खरे गुराखी, खरे रानरेडे, खरे लकोटा लोक. गाड्यांच्या तांड्यावरचा हल्ला हा त्यातला एक प्रवेश. गोल मैदान, भोवती प्रेक्षक. तिथे घोडे गोल फिरणार नाहीत तर काय करणार? १८८५ मध्ये लकोटांचा नेता सिटिंग बुल स्वतः चार महिने या खेळात होता. खेळातले बहुतेक मूळ रहिवासी माळरानातले लकोटा, म्हणून जगभर 'रेड इंडियन' म्हणजे पिसांचा टोप, घोडा आणि शंकूसारखा तंबू, हे ठरून गेलं. आपल्याकडच्या बालसाहित्यातही तोच आला. प्रत्यक्षात शेकडो जमाती, शेकडो भाषा, आणि त्यांतल्या कित्येक पक्क्या घरांत राहून मका पिकवणाऱ्या.

१८९४ मध्ये एडिसनच्या स्टुडिओत याच खेळातल्या कलाकारांचं चित्रण झालं. म्हणजे वुंडेड नी इथे २९ डिसेंबर १८९० ला सैन्याने दीडशे ते तीनशे लकोटांना मारलं, त्यानंतर चार वर्षांत लकोटा सिनेमात होते. १९१३ मध्ये तर कोडीने त्याच जागी जाऊन, त्या दिवशीच्या काही माणसांना घेऊन, ते हत्याकांड 'लढाई' म्हणून पुन्हा उभं केलं आणि चित्रित केलं. त्या चित्रपटाचे आता थोडे तुकडेच उरले आहेत.

खेळातून सिनेमात आल्यावर जागा आणि भाषा यांचीही अशीच सरमिसळ झाली. जॉन फोर्डने १९३९ च्या 'स्टेजकोच'पासून मॉन्युमेंट व्हॅलीला वेस्टर्नचा चेहरा केलं. ती युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवर, नवाहो लोकांच्या भूमीत आहे. १९५६ च्या 'द सर्चर्स'मध्ये तीच जागा टेक्सास म्हणून येते. लाल दगडी सुळक्यांच्या त्या रखरखाटात गाय पाळणारा माणूस वेडाच म्हणायचा, पण पडद्यावर शंका येत नाही. कोमांची म्हणून दिसतात ते नवाहो, आणि त्यांचा म्होरक्या झालाय जर्मनीत जन्मलेला निळ्या डोळ्यांचा हेन्री ब्रँडन. १९६४ च्या 'शायेन ऑटम'मध्ये नवाहो कलाकार शायेन म्हणून उभे राहून नवाहो बोलतात. गंभीर चेहऱ्याने ते जे बोलले त्यात भलतंसलतं बरंच होतं, असं नवाहो प्रेक्षक हसत सांगतात. सबटायटल नसलेल्या संवादाचा असा फायदा असतो.

'डान्सेस विथ वुल्व्ज'ने भाषा मनावर घेतली. मूळ कादंबरीतले कोमांची चित्रपटात लकोटा झाले. साउथ डकोटात रानरेड्यांचा मोठा कळप मिळत होता आणि लकोटा बोलणारेही. नटांना भाषा शिकवली. पण लकोटात बायकांचं आणि पुरुषांचं बोलणं वाक्याच्या शेवटी वेगळं होतं, आणि चित्रपटातले योद्धे मधूनमधून बायकी वळणाने बोलतात, अशी टीका लकोटा नेते रसेल मीन्स यांनी केली. तरी कॅमेरा पुन्हा एका गोऱ्या सैनिकाच्याच खांद्यावर होता. 'प्रे' हा २०२२ चा चित्रपट पूर्ण कोमांची भाषेतही पाहता येतो, आणि त्यातली नायिका कोमांची आहे. परग्रहावरच्या शिकाऱ्याचा सिनेमा असून या बाबतीत तो कित्येक गंभीर वेस्टर्नच्या पुढे आहे.

हा साचा अमेरिकेबाहेरही खूप फिरला. जपानच्या कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराई'चा १९६० मध्ये 'द मॅग्निफिसेंट सेव्हन' झाला, इटलीच्या सर्जिओ लिओनेने स्पेनच्या अल्मेरियात अमेरिकेचं वाळवंट उभं केलं, आणि १९७५ मध्ये 'शोले' आला. त्यातला रेल्वेवरचा हल्ला मुंबई-पुणे मार्गावर पनवेलजवळ चित्रित झाला, सात आठवड्यांहून जास्त लागले. पण 'शोले'ने घोडे, भाडोत्री वीर आणि रेल्वे घेतली, सरहद्द घेतली नाही. रामगढ आधीपासून वसलेलं आहे आणि ठाकूरची जमीन ठाकूरचीच आहे. वेस्टर्नमधला मूळ झगडा वगळूनही वेस्टर्न चालतो, हे 'शोले'ने दाखवलं.

एकाच जमातीच्या दोन गोष्टी

'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' ही मालिका १९७४ साली सुरू झाली. तिच्या पहिल्या भागात इंगल्स कुटुंब कॅन्ससमध्ये घर बांधतं, वर्षभर राबतं, आणि शेवटी सैनिक येऊन सांगतात की ही इंडियनांची जमीन आहे, निघा. डोळे ओले होतात. आता नोंदी पाहू. १८६९ मध्ये ते कुटुंब तिथे आलं तेव्हा ती जमीन ओसेज जमातीच्या राखीव भागात होती, आणि त्यांच्यासारख्या शेकडो घुसखोरांनी ओसेजांचं पीक, सरपण, घोडे यांची वाट लावली होती. १५ जुलै १८७० च्या कायद्याने तो भाग एकरी सव्वा डॉलरने विकायला निघाला. निघून जावं लागलं ते ओसेजांना. इंगल्स १८७१ मध्ये परतले, त्यात मोठं कारण होतं की विस्कॉन्सिनमधलं त्यांचं घर घेणाऱ्याने पैसे दिले नाहीत. मालिकेने घरातून निघणाऱ्याची जागा बदलली, एवढंच.

कॅन्ससच्या पैशातून ओसेजांनी आजच्या ओक्लाहोमात सुमारे १५ लाख एकर विकत घेतले. खडकाळ, नांगराला नालायक. आणि तिथे तेल निघालं. १९०६ मध्ये त्यांची जमीन वाटली गेली तेव्हा त्यांनी एक अट घालून घेतली: वरची जमीन वाटा, खालचं खनिज जमातीचं सामाईक राहील. यादीत २,२२९ नावं, प्रत्येकाला तेलाच्या उत्पन्नात एक हिस्सा, त्याला 'हेडराइट' म्हणत. हा हिस्सा विकता येत नसे, फक्त वारशाने मिळे. एकट्या १९२३ सालात जमातीला तीन कोटी डॉलरहून अधिक आले.

त्यावर नवा कागद निघाला. ज्या ओसेजला 'अक्षम' ठरवलं जाई त्याच्यावर पालक नेमला जाई, बहुतेक वेळा गावातला गोरा वकील किंवा दुकानदार. स्वतःचे पैसे काढायला त्याची सही. आणि हिस्सा फक्त वारशाने मिळतो म्हटल्यावर, लग्न करून बायकोकडचे लोक एकेक करून मेले तर? तसंच झालं. अधिकृत मोजणीत खून दोन डझनांच्या घरात आहेत, खरे त्याहून पुष्कळ जास्त असावेत असा अभ्यासकांचा कयास. १९२५ मध्ये कायदा बदलला आणि ओसेज नसलेल्यांना असा वारसा मिळणं बंद केलं.

२०२३ चा मार्टिन स्कॉर्सेसीचा 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' हा यावरचा. साडेतीन तासांच्या या चित्रपटात भीती वाटते ती टेबलापाशी. मॉली, म्हणजे लिली ग्लॅडस्टोन, पालकाच्या कचेरीत बसते, आपलं नाव सांगते आणि पुढे, सवयीने, 'अक्षम' असं स्वतःच जोडते. गाडी, दागिने, नोकर सगळं असलेली बाई औषधाच्या पैशासाठी परवानगी मागते आहे. पुढे एका प्रसंगात मॉलीच्या नवऱ्याचा काका आपल्या या पुतण्यासमोर सहीसाठी कागद सरकवतो आणि त्याच्या हिश्शाचं बोलतो. त्या क्षणी खोलीत पिस्तूल आणायची गरज उरत नाही. शेवटी सगळी कथा रेडिओच्या करमणुकीच्या कार्यक्रमात बदलते आणि स्कॉर्सेसी स्वतः मॉलीचा मृत्युलेख वाचतो, ज्यात खुनांचा उल्लेखही नव्हता. तरीही कॅमेरा बराच वेळ मारेकरी नवऱ्याबरोबर राहतो, ही ओसेजांकडून आलेली तक्रार रास्त आहे.

कागद कधी उलटूनही येतो. ९ जुलै २०२० ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की पूर्व ओक्लाहोमातला क्रीक जमातीचा राखीव भाग संसदेने कधी रद्दच केला नव्हता, तेव्हा फौजदारी कायद्यापुरता तो आजही आहे. ज्यांच्या जमिनीवर १८८९ ची शर्यत धावली त्यांच्यातलेच हे क्रीक. खासगी घरांची मालकी बदलली नाही, पण टल्सा शहराचा बहुतेक भाग एका रात्रीत या नकाशात आला.

या क्रीकांची राजधानी ओकमल्गी. २०२१ ते २०२३ या काळातली 'रिझर्व्हेशन डॉग्ज' ही स्टर्लिन हार्जोची मालिका तिथेच चित्रित झाली. लेखक आणि दिग्दर्शक सगळे मूळ रहिवासी. पहिल्याच भागात चार पोरं चिप्सचा ट्रक पळवतात. माल विकून पैसे साठवायचे आणि इथून निघायचं, असा बेत. कुठे? पश्चिमेला, कॅलिफोर्नियाला.